फोनवर बोट पटतं, सर्व्हर मात्र ४०१ देतो: बायोमेट्रिक सही एपीआयला जोडताना होणारे बिघाड

लक्षण ठरलेलं आहे. अ‍ॅपमध्ये बोट लावलं, फोनने बरोबरची खूण दाखवली, आणि पुढच्याच सेकंदाला एपीआयकडून, म्हणजे सर्व्हरशी बोलण्याच्या दारातून, ४०१ आला: 'ओळख पटली नाही'. काही फोनवर चालतं, काहींवर नाही. डिबग बिल्डमध्ये चालतं, प्ले स्टोअरवरून उतरवलेल्या अ‍ॅपमध्ये चालत नाही. सगळ्यात छळणारा प्रकार म्हणजे त्याच फोनवर, त्याच बोटाने, कधी चालतं आणि कधी नाही. एसडीकेची, म्हणजे जोडलेल्या तयार कोडसंचाची, आवृत्ती बदलून किंवा सर्व्हर रीस्टार्ट करून यातलं काहीच सुटत नाही, कारण दोष बहुतेक वेळा दोन टोकांमधून जाणाऱ्या बाइट्समध्ये असतो. ते बाइट्स उघडून पाहिले की शोध तासाभरात संपतो. न पाहता अंदाजाने कोड बदलत बसलं की आठवडा जातो.

इथे गृहीत धरलेली मांडणी अशी: अँड्रॉइडवर बायोमेट्रिकप्रॉम्प्ट (बोट मागणारी खिडकी) आणि कीस्टोअर (किल्ल्यांची सुरक्षित तिजोरी), आयफोनवर सिक्युअर एन्क्लेव्ह (तसाच सुरक्षित भाग), किल्ली पी-२५६ वक्राची, सही ईसीडीएसए पद्धतीची, हॅश (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा) एसएचए-२५६. तुमचं टूलकिट वेगळं असलं तरी त्याने सही कशाने केली एवढं कळलं की पुढचं बरंचसं तसंच लागू होतं.

बोट पटलं म्हणजे काय झालं

फोनचा सेन्सर सर्व्हरला काहीही पाठवत नाही. बोटाचा किंवा चेहऱ्याचा नमुना फोनच्या सुरक्षित भागात राहतो, अ‍ॅपलासुद्धा तो मिळत नाही. बोट पटल्यावर फक्त एक गोष्ट होते: त्या भागातली खाजगी किल्ली एका सहीपुरती वापरायला मोकळी होते. सर्व्हरने आधी दिलेल्या ३२ यादृच्छिक बाइट्सवर, म्हणजे चॅलेंजवर, ती सही करते. सर्व्हर आपल्याकडच्या सार्वजनिक किल्लीने ती सही तपासतो. नोंदणीच्या वेळी सार्वजनिक किल्ली सर्व्हरकडे गेलेली असते, खाजगी कधीच जात नाही.

म्हणजे 'बोट पटलं' ही फोनपुरती घटना आहे आणि 'सही पटली' ही सर्व्हरवरची. या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे काही टीम एसडीकेचा यशाचा कॉलबॅक आला की एपीआयला 'व्हेरिफाइड: ट्रू' एवढंच पाठवतात. अशा जोडणीत ४०१ कधीच येत नाही, आणि हीच सगळ्यात धोकादायक अवस्था आहे. पोस्टमनमधून, म्हणजे हाताने विनंत्या पाठवण्याच्या साधनातून, कुणीही तेच 'ट्रू' पाठवू शकतो. फ्लटरचं लोकल ऑथ हे प्लगइन फक्त हो किंवा नाही एवढंच सांगतं, सही करत नाही. ते अ‍ॅप उघडण्याच्या कुलपापुरतं ठीक, पण सर्व्हरला पुरावा म्हणून निरुपयोगी. सही हवी असेल तर वेगळं प्लगइन किंवा स्वतःचं नेटिव्ह चॅनेल लागेल. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह बायोमेट्रिक्स सही करतं, पण आरएसए-२०४८ने. सर्व्हर ईसीडीएसएची वाट पाहत बसला असेल तर प्रत्येक सही नापास होणारच.

आणखी एक गैरसमज आपल्याकडे वारंवार दिसतो. फोनच्या फिंगरप्रिंट सेन्सरवरून आधारशी पडताळणी होत नाही. आधारला यूआयडीएआयकडे नोंदलेली उपकरणं आणि त्यांचा ठराविक साचा लागतो. तो वेगळा रस्ता आहे, त्याचे बिघाडही वेगळे.

आधी तीन गोष्टी पकडा

कोणतीही ओळ बदलण्याआधी अ‍ॅपच्या टोकाला आणि सर्व्हरच्या टोकाला या तीन गोष्टी हेक्समध्ये (बाइट्सचे सोळा-पायी आकडे) छापा, प्रत्येकीची बाइट-लांबी शेजारी लिहून: ज्यावर सही झाली तो संदेश, ती सही, आणि सार्वजनिक किल्लीचा एसएचए-२५६. हे फक्त टेस्ट सर्व्हरवर करा. सर्व्हरवर छापताना बेस६४ (बाइट्स साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) उलगडल्यानंतरचे, पडताळणीच्या फंक्शनला देण्याच्या अगदी आधीचे बाइट्स छापा. विनंती आली त्या क्षणीचा मजकूर छापला तर मधली मोडतोड दिसत नाही.

दोन्हीकडचा संदेश आणि सही तंतोतंत सारखी असेल, पण किल्लीचा हॅश वेगळा असेल, तर सर्व्हर चुकीची किल्ली लावतोय. संदेश वेगळा असेल तर एन्कोडिंग. सही वेगळी असेल तर वाटेतलं बेस६४. तिन्ही सारखं असून नापास होत असेल तर सहीचा आकार किंवा हॅशचा गोंधळ.

शेवटच्या शक्यतेसाठी ओपनएसएसएल हे सह्या तपासू शकणारं साधन निष्पक्ष पंच आहे. सार्वजनिक किल्ली पीईएम फाइलमध्ये, सही आणि संदेश कच्च्या बाइट्सच्या फाइलमध्ये ठेवून 'डीजीएसटी' आज्ञेला एसएचए-२५६ आणि 'व्हेरिफाय' हे पर्याय द्या. संदेशाची फाइल 'एको'ने बनवू नका, तो शेवटी नव्या ओळीचा एक बाइट चिकटवतो आणि बरोबर सहीसुद्धा नापास होते. 'प्रिंटएफ' वापरा. अ‍ॅपकडच्या बाइट्सवर ओपनएसएसएलने पास म्हटलं तर अ‍ॅप निर्दोष आहे, सर्व्हरकडे वळा. नापास म्हटलं तर सर्व्हरच्या टीमला त्रास देऊ नका, आधी अ‍ॅपमधली सहीच तपासा.

बेस६४: लहानसा दोष, मोठा गोंधळ

अँड्रॉइडच्या बेस६४ वर्गाचा 'डीफॉल्ट' पर्याय दर ७६ अक्षरांनंतर नवी ओळ घालतो आणि शेवटीही एक घालतो. पी-२५६ची डीईआर सही (हा आकार पुढे सांगितलाय) बेस६४मध्ये बहुधा ९६ अक्षरांची होते, म्हणजे तिच्या मधोमध ओळ तुटते. नोडचा बफर हे निमूट गिळतो, पायथनचा साधा डीकोडरही गिळतो, जावाचा मूळ डीकोडर मात्र एक्सेप्शन फेकतो. म्हणूनच नोडवर चाललेलं अ‍ॅप जावाच्या सर्व्हरवर नेलं की 'काल तर चालत होतं' सुरू होतं. अ‍ॅपमध्ये 'नो रॅप' पर्याय द्या.

जावाचा डीकोडर चुकीच्या अक्षराचा हेक्स क्रमांक सांगतो, आणि त्यावरून निदान थेट होतं. क्रमांक ए असेल तर मध्ये नवी ओळ आहे. २डी किंवा ५एफ असेल तर अ‍ॅपने यूआरएल-सेफ बेस६४ पाठवलंय, त्यात अधिकच्या जागी आडवी रेघ आणि तिरप्या रेघेच्या जागी अधोरेखा असते. २० असेल तर ती रिकामी जागा आहे: विनंती फॉर्मच्या साच्यात गेली आणि अधिकच्या चिन्हाचं वाटेत स्पेस झालं. ती जेसनमध्ये पाठवा.

पायथनचा प्रकार जास्त फसवा आहे. यूआरएल-सेफ मजकूर साध्या डीकोडरला दिला तर तो आडवी रेघ आणि अधोरेखा चक्क वगळतो. कधी पॅडिंगची चूक येते, कधी चूक न येताच बाइट्स कमी होतात. ज्या सहीत ती अक्षरं योगायोगाने नसतात ती पास होते, म्हणून बिघाड 'कधी कधी' येतो. डीकोडरला 'व्हॅलिडेट' चालू करा म्हणजे चूक लपणार नाही, आणि दोन्ही टोकांनी एकच प्रकार लेखी ठरवून घ्या.

सहीचा आकार: डीईआर की कच्चे ६४ बाइट

ईसीडीएसए सहीत आर आणि एस असे दोन आकडे असतात. ते मांडायच्या दोन पद्धती आहेत. डीईआरमध्ये ते गुंडाळून येतात आणि पी-२५६साठी लांबी सहसा ७० ते ७२ बाइट असते, पहिला बाइट हेक्स ३०. दुसऱ्या पद्धतीत, जिला पी१३६३ म्हणतात, ३२ अधिक ३२ असे बरोबर ६४ बाइट, वेष्टण काही नाही. बेस६४ नजरेनेही ओळखता येतं: डीईआर असेल तर सुरुवात 'एमई' या मोठ्या अक्षरांनी होते, आणि कच्ची सही नेहमी ८८ अक्षरांची, शेवटी दोन बरोबरची चिन्हं असलेली.

कोण काय देतं आणि काय मागतं हे डोक्यात पक्कं हवं. अँड्रॉइडचा सिग्नेचर वर्ग डीईआर देतो. आयफोनवर सेककी-क्रिएट-सिग्नेचर एक्स९६२ प्रकाराने डीईआर देतं. क्रिप्टोकिट दोन्ही देतं: 'रॉ रिप्रेझेंटेशन' म्हणजे ६४ आणि 'डीईआर रिप्रेझेंटेशन' म्हणजे डीईआर. सर्व्हरकडे जावा आणि नोड मुळात डीईआर मागतात. डॉटनेटचं व्हेरिफायडेटा मुळात ६४ बाइट मागतं, तिथे सहीचा साचा आरएफसी ३२७९ असा स्पष्ट द्यावा लागतो. ब्राउझरचं वेबक्रिप्टो आणि जेडब्ल्यूटीमधलं ईएस२५६ हेही ६४च मागतात. जावात पडताळणी करताना एक्सेप्शन आलं तर आकाराचा संशय घ्या. एक्सेप्शन न येता नुसतं 'फॉल्स' आलं तर संदेश किंवा किल्ली वेगळी आहे.

डीईआरमधून ६४ काढायला हाताने कोड लिहिणं हे मधूनमधून येणाऱ्या अपयशाचं पहिलं कारण आहे. आर किंवा एसचा पहिला बाइट हेक्स ८० किंवा त्याहून मोठा असेल तर डीईआर पुढे एक शून्य बाइट जोडतं. हे प्रत्येक आकड्यासाठी निम्म्या वेळा घडतं. 'सही नेहमी ७० बाइट असते' असं धरून ठरावीक जागांवरून तुकडे कापणारा कोड त्यामुळे चारपैकी साधारण एकदाच बरोबर निघतो. कुणी तो शून्य बाइट हाताळतं, पण उलट बाजू विसरतं: आकडा लहान निघाला तर डीईआर त्याचे ३२पेक्षा कमी बाइट लिहितं आणि कच्च्या मांडणीत डावीकडे शून्य भरावं लागतं. ते विसरलं की साधारण १२८ सह्यांमागे एक नापास होते. टेस्टिंगमध्ये सापडत नाही, हजारो ग्राहक आले की रोज तक्रार येते. रूपांतर हाताने करूच नका. नोडमध्ये डीएसए एन्कोडिंगचा पर्याय आहे, जावा ९पासून पी१३६३ साच्याचा अल्गोरिदम आहे, ते वापरा.

दुहेरी हॅशही इथेच तपासा. आयफोनवर 'मेसेज' नावाचा अल्गोरिदम स्वतः एसएचए-२५६ काढतो, 'डायजेस्ट' नावाचा तुम्ही काढलेला हॅश घेतो. आधीच हॅश केलेले ३२ बाइट 'मेसेज'ला दिले की सही हॅशच्या हॅशवर होते. चॅलेंजही ३२ बाइटचं असल्यामुळे लांबीवरून संशय येत नाही. अँड्रॉइडवर 'एसएचए-२५६ विथ ईसीडीएसए' स्वतःच हॅश काढतं, तिथेही बाहेरून हॅश करू नका.

आयफोनची किल्ली २६ बाइटांनी लहान

अँड्रॉइडवर पब्लिक कीचं 'गेट एन्कोडेड' ९१ बाइट देतं. ती पूर्ण एसपीकेआय मांडणी असते, म्हणजे किल्लीसोबत तिचा प्रकार सांगणारं शीर्षही. आयफोनवर सेककी-कॉपी-एक्स्टर्नल-रिप्रेझेंटेशन फक्त ६५ बाइट देतं: हेक्स ०४, मग एक्स आणि वाय. सर्व्हरचा वाचक ९१ची अपेक्षा करतो आणि आयफोनची नोंदणीच कोसळते. पी-२५६साठी पुढे जोडायचं २६ बाइटांचं शीर्ष कायम हेच असतं:

३० ५९ ३० १३ ०६ ०७ २ए ८६ ४८ सीई ३डी ०२ ०१ ०६ ०८ २ए ८६ ४८ सीई ३डी ०३ ०१ ०७ ०३ ४२ ००

हे अ‍ॅपमध्ये जोडा किंवा सर्व्हरवर, पण एकाच ठिकाणी. दोन्हीकडे जोडलं की ११७ बाइट होतात आणि वाचक पुन्हा अडतो.

डेटाबेसचा रकानाही पाहा. ९१ बाइट म्हणजे बेस६४मध्ये १२४ अक्षरं, २५५च्या रकान्यात बसतात. आरएसए-२०४८ची सार्वजनिक किल्ली २९४ बाइट, म्हणजे ३९२ अक्षरं. मायएसक्यूएलचा काटेकोर मोड बंद असेल तर ती गुपचूप कापली जाते, नोंदणी यशस्वी दिसते आणि त्या ग्राहकाचं लॉगिन मात्र एकदाही होत नाही.

फोनची भाषा मराठी असली की बिघडतं

हा बिघाड मुंबई-पुण्याच्या टीमलासुद्धा उशिरा सापडतो, कारण डेव्हलपरचे स्वतःचे फोन बहुधा इंग्रजीत असतात. अँड्रॉइडमध्ये भाषा मराठी निवडली की स्ट्रिंग-फॉरमॅटमधलं 'पर्सेंट डी' देवनागरी अंक छापतं. मराठीचा ठरलेला अंकसंच देवनागरी आहे. हिंदीचा मात्र लॅटिन, त्यामुळे हिंदी फोनवर चाचणी घेऊन हा दोष दिसतच नाही. सहीच्या संदेशात टाइमस्टॅम्प, रक्कम किंवा ग्राहक क्रमांक असा छापला गेला की फोन देवनागरी अंकांवर सही करतो आणि सर्व्हर लॅटिन अंकांनी संदेश पुन्हा बांधतो. सही जुळणार कशी?

टाइमस्टॅम्प हेडरमध्ये जात असेल तर ओकेएचटीटीपी विनंतीच पाठवत नाही, अनपेक्षित अक्षर हेक्स ९६७ अशी तक्रार करतं. ९६७ म्हणजे देवनागरी एक. क्रॅश अहवालात हा आकडा दिसला की शोध थांबवा आणि फॉरमॅटच्या प्रत्येक कॉलला 'लोकेल रूट' द्या. तारखेच्या फॉरमॅटरलाही तेच. आयफोनवर डेट-फॉरमॅटरला 'ईएन यूएस पोझिक्स' लोकेल लावा. बंगाली, नेपाळी, अरबी भाषेच्या फोनवरही हेच होतं, त्यामुळे दुरुस्ती एकदाच करून सगळ्यांना पुरते. चाचणीच्या यादीत मराठी भाषेचा एक फोन कायमचा ठेवा.

दुसरी गोष्ट 'ऱ'ची. 'कऱ्हाड' किंवा 'गोऱ्हे' हे शब्द पडद्यावर सारखेच दिसतात, पण ऱ हे एक अक्षर म्हणून यूटीएफ-८मध्ये ३ बाइट, र आणि नुक्ता असं लिहिलं तर ६. काही कळफलक हाच उच्चार र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक वापरून लिहितात. वाटेतल्या एखाद्या लायब्ररीने युनिकोड एकसारखं केलं किंवा अदृश्य अक्षरं गाळली की बाइट्स बदलतात. पत्ता किंवा लाभार्थ्याचं नाव सहीत घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये ठराविक नावांच्याच लोकांचे व्यवहार अडतात, आणि तक्रार करणाऱ्याला आपलं नाव कारणीभूत आहे हे कधी कळत नाही.

या दोन्हींवर आणि जेसनमधल्या १५००.०० विरुद्ध १५००.० अशा भांडणांवर उपाय एकच. सर्व्हरने संदेश पुन्हा बांधायचाच नाही. अ‍ॅपने ज्या बाइट्सवर सही केली तेच बाइट्स बेस६४ करून पाठवावेत. सर्व्हरने आधी त्या बाइट्सवर सही तपासावी, नंतर ते उलगडून चॅलेंज, रक्कम आणि खातं आपल्या नोंदीशी ताडावं. ही दुसरी पायरी वगळू नका, नाहीतर जुनी खरी सही नव्या व्यवहाराला चालून जाईल.

चॅलेंज सापडत नाही

चॅलेंज सर्व्हरच्या प्रोसेसच्या मेमरीत ठेवलं असेल तर एका सर्व्हरवर सगळं सुरळीत चालतं. लोड बॅलन्सरमागे (विनंत्या वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) दोन झाले की साधारण निम्म्या विनंत्या पडतात, तीन झाले की दोन तृतीयांश. रेडिससारख्या सामाईक जागेत ठेवा, आणि प्रतिकृतीतून वाचू नका, ती काही मिलिसेकंद मागे असू शकते. वाचणं आणि पुसणं एकाच आज्ञेत हवं, रेडिस ६.२पासून त्यासाठी गेटडेल आहे. सही पटो न पटो, चॅलेंज एकदाच वापरायचं.

चॅलेंज देणारा एंडपॉइंट गेट असेल आणि पुढे सीडीएन (उत्तरं साठवून वाटणारं मधलं जाळं) असेल तर उत्तर साठवलं जाऊन अनेकांना तेच चॅलेंज मिळू शकतं. पहिल्याचं चालतं, बाकीचे नापास. पोस्ट करा आणि 'नो-स्टोअर' हेडर लावा.

मुदत ३० सेकंद ठेवणारे ओल्या बोटांचा विचार करत नाहीत. पावसाळ्यात दोनदा बोट पुसून, मग चष्मा काढून, मग पुन्हा प्रयत्न करणाऱ्याला तेवढा वेळ पुरत नाही. दोन ते पाच मिनिटं योग्य. मुदत सर्व्हरच्या घड्याळानेच मोजा, फोनचं घड्याळ ग्राहक हवं तसं फिरवू शकतो.

आपोआप पुन्हा पाठवणी हाही छुपा दोषी असतो. पहिली विनंती पोचली, चॅलेंज वापरलं गेलं, उत्तर मात्र रेल्वेच्या बोगद्यात हरवलं. अ‍ॅपने तीच विनंती पुन्हा पाठवली, आता चॅलेंज नाही. लॉगमध्ये एकाच चॅलेंजच्या काही सेकंदांच्या अंतराने दोन विनंत्या, पहिली २००, दुसरी ४०१, असं दिसलं तर हेच. विनंतीला क्रमांक द्या आणि त्याच क्रमांकाची, बाइटला बाइट तीच विनंती मिनिटभरात पुन्हा आली तर पहिलंच उत्तर परत द्या.

किल्ली गेली, नोंद राहिली

नवीन बोट नोंदवलं की अँड्रॉइड बायोमेट्रिकशी बांधलेली किल्ली कायमची बाद करतो. स्क्रीन लॉक काढलं तरी तेच. सहीची तयारी करताना 'की पर्मनंटली इनव्हॅलिडेटेड' एक्सेप्शन येतं. हा दोष नाही, संरक्षण आहे: फोन हाती लागलेल्या माणसाने स्वतःचं बोट जोडून खात्यात शिरू नये म्हणून. तक्रारी थांबवायला हे वागणं बंद करून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. योग्य वाट अशी: एक्सेप्शन पकडा, जुनी किल्ली पुसा, ओटीपी किंवा पासवर्डने ओळख पटवा, नवी किल्ली नोंदवा, सर्व्हरवर जुनी रद्द करा. काही फोनवर या प्रसंगी एक्सेप्शनऐवजी किल्लीच नल मिळते, तोही रस्ता इथेच आणून सोडा. आयफोनवर 'बायोमेट्री करंट सेट' वापरलं असेल तर उणे २५३०० म्हणजे 'वस्तू सापडली नाही' असं दिसू शकतं किंवा सही करतानाच चूक येते.

फोन बदलल्यावरचा गोंधळ दोन्हीकडे उलटा असतो. अँड्रॉइडचा ऑटो बॅकअप अ‍ॅपची प्रेफरन्स फाइल नव्या फोनवर आणतो, कीस्टोअरमधली किल्ली आणत नाही. अ‍ॅपला वाटतं नोंदणी झालेली आहे, किल्ली मात्र नाही. किल्लीचा क्रमांक ज्या फाइलमध्ये आहे ती बॅकअपमधून वगळा: अँड्रॉइड १२पासून डेटा-एक्स्ट्रॅक्शन नियमांत, त्याआधीसाठी फुल-बॅकअप-कंटेंटमध्ये. दोन्ही लिहावे लागतात. आयफोनवर अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं तर यूजर-डीफॉल्ट्स जातात पण किचेन (किल्ल्यांची साठवण) राहते, म्हणजे मागच्या ग्राहकाची किल्ली नव्या लॉगिनला चिकटू शकते. पहिल्यांदा उघडताना डीफॉल्ट्समध्ये खूण नसेल तर किचेनमधली जुनी किल्ली पुसून टाका.

किल्लीचा क्रमांक म्हणून यादृच्छिक आकडा न घेता सार्वजनिक किल्लीच्या ९१ बाइटांचा एसएचए-२५६ घ्या. मग दोन्ही टोकांना एकच किल्ली आहे की नाही हे लॉगच्या एका ओळीत कळतं.

प्रॉम्प्टच्या सेटिंगमधल्या चुका

सही बायोमेट्रिकप्रॉम्प्टला दिलेल्या क्रिप्टोऑब्जेक्टमधूनच घ्या, जो यशाच्या निकालात परत येतो. यशानंतर नवीन सिग्नेचर बनवून सही केली तर 'किल्लीच्या वापरकर्त्याची ओळख पटलेली नाही' अशी चूक येते, कारण परवानगी त्या एका ऑब्जेक्टला मिळाली होती. प्रत्येक वापरासाठी बोट हवं असेल तर अँड्रॉइड ११पासून प्रमाणीकरणाचा कालावधी ० आणि प्रकार 'बायोमेट्रिक स्ट्राँग' द्या, त्याआधीच्या फोनवर जुन्या मेथडला उणे १.

अनेक फोनचं चेहऱ्याने उघडणं दुसऱ्या, कमी भरवशाच्या श्रेणीचं असतं. ते स्क्रीन उघडतं, पण कीस्टोअरची किल्ली उघडू शकत नाही. 'फेस अनलॉक चालू आहे, तुमच्या अ‍ॅपमध्येच दिसत नाही' या तक्रारीचं उत्तर हे आहे. कोडमध्ये काही करता येत नाही, मदतीच्या पानावर स्पष्ट लिहा.

लॉकआउटचे कोड सर्व्हरकडे 'अपयशी प्रयत्न' म्हणून मोजू नका. अँड्रॉइडवर ७ म्हणजे पाच चुकीच्या प्रयत्नांनंतरचा ३० सेकंदांचा थांबा, ९ म्हणजे पिन टाकेपर्यंत बंद, १० आणि १३ म्हणजे माणसाने स्वतः मागे घेतलं, ५ म्हणजे सिस्टिमने प्रॉम्प्ट बंद केला. आयफोनवर उणे ८ लॉकआउट, उणे २ रद्द. आणि फेस आयडीच्या वापराचं कारण इन्फो-पीलिस्टमध्ये नसेल तर टच आयडीच्या फोनवर अ‍ॅप चालतं आणि फेस आयडीच्या फोनवर कोसळतं.

फक्त रिलीज बिल्डमध्ये अपयश

आर८ने, म्हणजे रिलीज बिल्ड आक्रसणाऱ्या साधनाने, जेसनच्या क्लासमधली फील्डची नावं छोटी केली की सर्व्हरला 'सिग्नेचर' ऐवजी 'ए' मिळतं. सर्व्हर फील्ड नाही म्हणून ४०० द्यायच्या ऐवजी ४०१ देत असेल तर शोध भलतीकडे जातो. फील्डना नाव देणारं अ‍ॅनोटेशन लावा. अटेस्टेशनमधून (किल्ली खऱ्या फोनमध्ये बनल्याच्या पुराव्यातून) अ‍ॅपच्या स्वाक्षरी-प्रमाणपत्राचा हॅश तपासत असाल तर लक्षात ठेवा, प्ले अ‍ॅप साइनिंगमध्ये अंतिम सही गुगलकडच्या किल्लीने होते. तो हॅश प्ले कन्सोलमधून घ्या, तुमच्या अपलोड किल्लीचा नको. गुगलची मूळ प्रमाणपत्रं एकाहून जास्त आहेत, एकच कोडमध्ये बांधू नका.

ब्राउझरमध्ये एपीआय उघडतं आणि अँड्रॉइडवर 'ट्रस्ट अँकर' सापडत नाही असं येत असेल तर सर्व्हर मधलं प्रमाणपत्र पाठवत नाहीये, पूर्ण साखळी लावा. एम्युलेटरमधून स्वतःच्या लॅपटॉपचा सर्व्हर गाठायला पत्ता १०.०.२.२. साधं एचटीटीपी अँड्रॉइड ९पासून मुळात बंद असतं.

सर्व्हरने आतल्या आत काय लिहावं

बाहेर सगळ्यांना एकच ४०१ द्या, हल्लेखोराला कारण कळायला नको. आत मात्र वेगळी कारणं नोंदवा: चॅलेंज नाही, चॅलेंजची मुदत संपली, किल्ली अनोळखी, किल्ली रद्द, बेस६४ चूक, सहीचा आकार चूक, सही जुळली नाही, रक्कम जुळली नाही. सोबत विनंतीचा क्रमांक, किल्लीच्या हॅशची पहिली आठ हेक्स अक्षरं, सहीची लांबी, अ‍ॅपची आवृत्ती, फोनचं मॉडेल आणि फोनची भाषा. विनंतीचा तोच क्रमांक ग्राहकाला चुकीच्या संदेशात दाखवा, म्हणजे मदत केंद्रावरचा माणूस नेमकी ओळ शोधू शकेल.

एसडीके विकणाऱ्या कंपनीकडे तक्रार नेताना 'चालत नाही' एवढंच पाठवलं तर उत्तरात आवृत्ती बदलण्याचा सल्ला येतो. त्याऐवजी टेस्ट खात्याच्या एका अपयशी प्रयत्नाचे संदेश, सही आणि सार्वजनिक किल्ली असे तीन हेक्स तुकडे, ओपनएसएसएलचा निकाल, आणि त्याच फोनवरच्या एका यशस्वी प्रयत्नाचे तेच तीन तुकडे शेजारी ठेवून पाठवा.